हातांवर बसून ऐकताना

प्रिय ताई,

पियानो विकायला काढलास, हे आईकडून कळलं. रविवारी घेणारे येणार आहेत, जिन्याचं वळण अरुंद आहे म्हणून त्याचे पाय सोडवावे लागणार, एवढं सगळं तिने सांगितलं. तू कशी आहेस ते मात्र नाही. तूच सांगत नाहीस, तर ती बिचारी कुठून सांगणार?

आजारात तुझे कान गेले, तो विषय तू काढू देत नाहीस आणि तुझं बरोबरच आहे. पियानोवर हात ठेवला की कंपनं जाणवत असतील ना, असं पाटीवर लिहून विचारणाऱ्या मावशीला तू चहासुद्धा न देता वाटेला लावलंस, ते मी विसरलेलो नाही. म्हणून आज फक्त माझंच रडगाणं ऐक.

जमीन मोजणारा माणूस चाळिशी ओलांडल्यावर रजा टाकून विद्यापीठात संगीतशास्त्र शिकायला जातो, म्हणून घरच्यांनी मला वेड्यात काढलं, ते अगदीच चूक नव्हतं. वर्गातली पोरं मला काका म्हणतात. पहिल्या दिवशी मी दारातून आत शिरलो, तर पुढच्या बाकावरची मुलगी शिक्षक आले समजून उभीच राहिली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आमच्या बाईंच्या बाहीला कायम खडू लागलेला असतो, म्हणून त्यांचं नाव खडूबाई. त्यांच्याकडे आम्ही चार आवाज एकत्र चालवायला शिकतो. प्रत्येकाची चाल स्वतंत्र हवी आणि चौघांचं पटायलाही हवं. म्हणजे आपल्या घरासारखंच, फक्त इथे ते जमावं लागतं. तुला हे नव्याने काय सांगायचं म्हणा! माझी खोड एकच, समांतर पंचम. दोन आवाज पाच सुरांचं तेच अंतर राखून पावलाला पाऊल लावून निघतात, मग ते दोन राहतच नाहीत, एक दुसऱ्याच्या मागे नुसता फरपटतो. बाई तिथे लाल वर्तुळ काढतात. माझ्या पहिल्या पानाला गोवर उठला होता. मला हसूच आलं. जन्मभर तुझ्या मागे मागे फिरलेल्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार?

पण खरा छळ पृथक्करणाच्या तासाला. वर्गातल्या पियानोला कुलूप असतं, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. समोर छापील स्वरलेखन येतं आणि एकदम वाजणाऱ्या सुरांची कुठली कॉर्ड कुठून आली, कुठे चालली, हे नुसतं वाचून सांगायचं. आधी ऐका, मग लिहा, हे त्यांचं पालुपद. शांत खोलीत ऐकायचं काय, डोंबल? मी बाकाखाली बोटं वाजवत अंदाज घ्यायचो. एकदा बाईंनी पकडलं आणि मला माझ्याच हातांवर बसवलं. ताई, या वयात! काकांची चांगलीच शोभा झाली.

गेल्या आठवड्यात तसाच हातांवर बसलो होतो. पान संथ होतं, शेवट जवळ आला होता. आता कॉर्ड घरी पोचणार म्हणून मी निर्धास्त झालो, आणि ती आपल्या दारावरून पुढे जाऊन शेजाऱ्यांकडे शिरली. ते मी ऐकलं. खोलीत पेन्सिलींच्या खरखरीशिवाय काही नव्हतं आणि मी चारही आवाज स्पष्ट ऐकले. इतकं मोठ्याने हसलो की सगळा वर्ग वळून बघायला लागला.

आणि मग तू आठवलीस. शाळेतून आल्यावर पलंगावर आडवी पडून छापील पानं वाचणारी, अंगठ्याचं नख चावत मध्येच एकटीच खुदकन हसणारी. मला वाटायचं, मला जळवायला नाटक करतेस. तू तेव्हा काय ऐकत होतीस ते मला आज कळलं. ती पानं तू आता माळ्यावर टाकली आहेस म्हणे. आईने सांगितल्यावर मला फार वाईट वाटलं.

पियानो राहू दे असं सांगायला हे लिहीत नाहीये. जाऊ दे त्याला, खोली मोकळी होईल. खरं कारण, जे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही, ते असं की मला संगीतकार वगैरे व्हायचं नाही. तुझे कान गेले आणि तुझ्याशी सुरांबद्दल बोलेल असं घरात कुणी उरलं नाही. तू गप्प झालीस ते मला बघवेना, म्हणून नाव घातलं. सोबतच्या पानावर माझी चार आवाजांची रचना आहे. बाई म्हणतात, हिच्यात एक चूक आहे, स्वतः शोधा. मला सापडत नाही. तुला बोलतं करायला मुद्दाम ठेवली आहे असं समजू नकोस, खरंच सापडत नाही. हातांवर बस आणि ऐक. मग लाल शाईने गोल कर, वर हव्या तेवढ्या शिव्या लिही आणि पान परत पाठव. तुझ्या अक्षरातलं काहीतरी येऊ दे, ताई.

तुझंच,
शेपूट