दलीला मावशीच्या साइटची पत

हेदी मामा,

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. वसंतात दलीला मावशीचा मेल आला ना तुम्हाला, ‘झालं गेलं विसरले, तुझ्या बागेच्या साइटवर माझ्या साइटची लिंक टाक’ म्हणून? तो मी लिहिला होता. आता सलाम. मामीला सलाम, तुमच्या गुडघ्यालाही सलाम (कसा आहे तो? इथं सगळं नाबल गाव विचारतं).

रागवायच्या आधी ऐका. मावशीचं नारिंगाच्या फुलांचं पाणी ट्युनिसच्या हॉटेलवाल्या बाई घेणार की नाही, यावर सगळं अडलेलं. नाही म्हणाल्या असत्या, तर मावशी पुढच्या वसंतात ते पाणी उतरवायची भट्टीच पेटवणार नव्हती. आणि नेटवर शोधलं तर मावशीची साइट सापडेना. ओल्फानं (मावशीची लेक, लोकांच्या साइट शोधात वर आणायचंच काम करते) तपासलं. साइटची पत, म्हणजे नेटवर तिला किती मान आहे तो आकडा, शंभरात चार. मावशी म्हणाली, “चार? या वज्दीला गणितातसुद्धा जास्त पडायचे.”

मला वाटलं, सोपं आहे. आपल्याकडं स्थळ आलं की मुलीचा बाप आधी कॅफेत चौकशी करतो, आणि आपण तिथं आपली पोरं आधीच बसवून ठेवतो, तसंच करायचं. न्हावी, मोबाइल दुरुस्तीवाला, लग्नातला ढोलवाला, सगळ्यांच्या साइटवर मावशीची तारीफ आणि लिंक टाकली. (ढोलवाल्यानं लिहिलं, हे पाणी प्यायलं की ढोल गोड वाजतो.) आकडा ढिम्म.

ओल्फा म्हणाली, “गाढवा, किती जण बोलतात ते मोजत नाहीत. बोलणाऱ्याला कोण मानतं ते बघतात. तुझ्या ढोलवाल्याला कोण विचारतं?”

“लग्नात सगळे विचारतात.”

“मग लग्नातच विक.”

तेव्हा तुम्ही आठवलात, आणि मावशीच्या नावानं तो मेल धाडला. तुम्ही बागेच्या साइटवर एकच ओळ टाकलीत, की बहिणीच्या भट्टीत उतरतं तसलं पाणी मी दुसरीकडं कुठंच हुंगलं नाही. महिन्याभरात चाराचे एकोणीस. मामा, मी नुसता बघत बसलो. तुमच्या वनस्पतिशास्त्राच्या बागेला कुठले कुठले प्रोफेसर मानतात, त्यांना आणखी कोण कोण, कुठं जपानपर्यंत, आणि एवढ्या सगळ्यांचा शब्द मावशीच्या अंगणात येऊन उभा. आमचं अख्खं कॅफे बोंबलून जे झालं नाही, ते तुमच्या एका ओळीनं झालं. बाई हो म्हणाल्या.

तुमचा लाडका
वज्दी

ता. क. ओल्फा म्हणते, ही पत म्हणजे बाहेरच्या कंपनीचा अंदाज, खुद्द शोधयंत्र तो आकडा बघतही नाही. बाईंनीही बघितला नव्हता. त्या तुमची ओळ वाचून आल्या.

आणखी एक ता. क. खरं काम हे. मावशी शुक्रवारी तुम्हाला फोन करणार आहे, इतक्या वर्षांनी. फॅक्टरीच्या पाण्यालाही असाच वास येतो, असं तुम्ही भर लग्नात बोलला होतात, त्याबद्दल आपणहून पडतं घेतलंत, असं तिला वाटतंय. ती ओळ छापून तिनं भट्टीवर चिकटवलीय. येता जाता वाचते, आणि डोळ्यांत धूर गेला म्हणते. भट्टी बंद असते हो तेव्हा. तर मामा, पडतं तुम्हीच घेतलंत, एवढं होऊन जाऊ द्या. मेलचं कुणाला सांगू नका. पाया पडतो. मामीला तर नाहीच नाही.