वरदची अळंबी

तीर्थरूप अंबिकावन्संना किशोरीचा नमस्कार (कंबर धरल्यामुळे वाकून नाही, उभ्यानंच). तुमचे गुडघे कसे आहेत? पालीच्या घराच्या पायऱ्या अजून चढवतात ना? इकडे काशीदला सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनच केला असता, पण सासूबाईंना माजघरातूनही सगळं ऐकू येतं. म्हणून तिकडे निघालेल्या शेजारच्या प्रीतमच्या हाती पत्र देते आहे.

तुमच्या चुलतभावाचं, वरदचं, मन वर्षभर उतरलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गोळ्यांनी झोप लागते, पण सुपारीच्या बागेत जातो तो जेवायची हाक मारेपर्यंत एकाच झाडाशी उभा असतो. आणि परवा हा माणूस चक्क हसला! मी हरखले, तर हातात पुडी. पर्यटकांसाठीच्या आमच्या खोल्यांत उतरलेल्या कुणा पाहुण्यानं दिलेली सुकी अळंबी. खाल्ली की रंग दिसतात, आणि परदेशात डॉक्टर त्यातूनच नैराश्यावर औषध शोधतायत म्हणे. ती पुडी मी चिमट्यानं उचलून आमसुलांच्या बरणीमागे लपवली, साबणानं हात धुतले आणि भिंत हलते का ते बघत बसले. (भिंत हलली नाही. पाल हलली, तेवढ्यानं किंचाळले.) त्यानं पुडी शोधली, मी पुन्हा लपवली. आता त्याच्या ताकाचा पेलाही मी आधी हुंगते.

शेवटी सासूबाईंसकट आम्ही तिघं अलिबागच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, परदेशात काही रुग्णांना खरंच फरक पडलाय. पण तिथे जाणकार माणसं तासन्‌तास जवळ बसलेली असतात. आपल्याकडे कायद्यानं बंदी, पुडीत नक्की काय आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि गोळ्या तर मनानं सोडायच्याच नाहीत. मग त्यांनी विचारलं, "घराण्यात कुणाला वेडाचे झटके, भास? तसं असेल तर फार धोका. सुरू झालेले भास थांबतीलच असं नाही."

सासूबाई ताठ बसल्या. "आमच्या घराण्यात? न्हाय बाई. आमच्याकडे फक्त देव येतो अंगात."

"कुणाच्या?"

"आमच्या दिरांच्या. बाबाजींच्या."

"किती वेळ राहायचा?"

"पावसाळाभर."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. वरद म्हणाला, "बघ, रंग दिसायची आपल्याकडे परंपराच आहे!" आणि हसला, वन्सं. दोनदा.

आता म्हणतो, रविवारी पाहुणे गेले की घेईन, तू फक्त जवळ बस. इतक्या आशेनं म्हणतो की पुडी समुद्रात फेकायचा मला धीर होत नाही. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. काळजी नसावी.

तुमची,
किशोरी

ता. क. : बाबाजीकाका तुमचे वडील. आम्हा सुनांना त्यांचं नाव नेहमी हळू आवाजातच सांगितलं गेलं. त्यांच्या अंगात खरंच देव यायचा, की त्यांना कुठल्या डॉक्टरकडे नेलं होतं?

ता. क. पुन्हा : माझं तो ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. रविवारच्या आत त्याला फोन करा. खोटं बोलावंसं वाटलं तर माझ्याशी बोला. त्याला मात्र खरं सांगा.