उरलेली बारी

रेल्वे कॉलनी, दौंड
शनिवार, २२ मार्च २०२५

चि. प्रांजल हिस,

दादाचा आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे, नाहीतर राहू दे.

इकडं आम्ही बरे आहोत. तुझ्या मोनिकावहिनीचा गुडघा सुधारलाय, परवापासून जिना चढायला लागली. ऊन असं तापलंय की दहा वाजता शेडमध्ये उभं राहवत नाही. माझी ड्युटी सध्या सकाळची आहे. सिग्नलचं काम तुला ठाऊकच आहे, सगळं नीट चाललं तर माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, आणि काही बिघडलं की सगळं जंक्शन माझ्या नावानं ओरडतं. तू शिरूरला कशी आहेस? कंपनीची बस अजून पहाटेच येते का? डबा नेत जा. होळीला काकू मला म्हणाल्या, तिला सांग रे काहीतरी, नुसत्या चहावर राहते. मी हो म्हणालो. आता तू माझं ऐकायची राहिलीस का, हे त्यांना कोण सांगणार.

फोनच केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. कोडच्या साइटवर लिहिलं असतं तर तुमचा तो कवठे येमाईचा गोकुळ सगळ्यात आधी वाचणार आणि खाली "धन्यवाद सर" लिहून मोकळा होणार. त्याचं ते "सर" वाचलं की माझं डोकं फिरतं. म्हणून कागदावर लिहितोय. अक्षर बिघडलंय, लावून वाच.

मी "बारी"चा प्रोग्राम लिहिला तेव्हा तू बारावीत होतीस. नदीवर आपल्या चौदा घरांची एकच मोटार, लाईट कधी येईल अन् कधी जाईल ते लाईटवाल्यांनाही माहीत नाही, आणि बारी कुणाची यावरून रोज एकमेकांची आईबहीण काढायची. मी मोटारीपाशी पेटी बसवली. लाईट आली की पेटी मोटार चालू करते आणि ज्याची पाण्याची बारी त्याच्या फोनवर मेसेज जातो. तिचा सगळा कोड मी ओपन सोर्स ठेवला. कुणीही बघा, कुणीही घ्या, कुणीही बदला. लई दिलदार मी! कुणीतरी खरंच घेईल आणि बदलेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं.

आणि कोड वाचायला तुला शिकवलं कुणी? तुझ्या आप्पांच्या ओट्यावर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर, मी. लोक तुझं कौतुक करतात ना, तेव्हा मला हे ओरडून सांगावंसं वाटतं. पण सख्ख्या चुलत बहिणीचं कौतुक ऐकून कुणी ओरडतं का? म्हणून हसून मान हलवतो. दात दुखतात त्यानं.

तुम्ही दहा जण फोर्क करून, म्हणजे माझ्या कोडची नक्कल घेऊन, वेगळे निघालात त्याला आता दोन वर्षं होतील. ही वाटणीच विचित्र. घरादाराच्या वाटणीत एकाकडं परसू गेलं की दुसऱ्याचं परसू जातं, निदान भांडता तरी येतं. इथं तू सगळं घेऊन गेलीस आणि माझंही सगळं माझ्यापाशी जसंच्या तसं राहिलं. तक्रार कशाची करायची? नाव ठेवलंत "आपली बारी". आपली म्हणे. मग माझी काय परक्याची?

मी रोज बघतो. ड्युटीवर चहा यायच्या आधी फोन काढून बघतो. माझ्या बारीला लोकांनी साइटवर पसंतीच्या एकशे सहा चांदण्या दिल्यात, तुमच्या बारीला सातशे चाळीस. माझी सहा गावांत चालते, तुमची एकतीस. कवठे येमाईला चालू झाली तेव्हा तू फोटो टाकला होतास. बायाबापड्या, पोरंटोरं, मधोमध तू, आणि हातात पेटी, ती माझ्याच डिझाइनची. तो फोटो मी किती वेळा मोठा करून बघितला असेल त्याला हिशेब नाही. तू किती खूश होतीस ते बघत होतो. जळफळाट, दुसरं काय. गोकुळनं काही विचारलं की तू दहा मिनिटांत उत्तर देतेस. मीच शिकवल्यासारखं, एकेक पायरी सोडवून. तेही वाचतो.

आता मूळ भांडणाचं. माझी बारी घड्याळावर चालते. तुझी वेळ दहा ते एक, मग मध्ये लाईट जावो नाहीतर आभाळ कोसळो, एक वाजता पुढच्याची बारी. रेल्वेत राहून माझं डोकंच तसं झालंय, गाडी गेली म्हणजे गेली. पण गावात असं कधी नव्हतं. लाईट गेली की बारी तिथंच थांबायची, आणि पुन्हा आली की आधी त्याच माणसाची उरलेली बारी पुरी व्हायची. तू ते चाळीस ओळींत करून पाठवलंस. मी सात महिने तसंच पडू दिलं. वर लिहिलं, "यानं वेळापत्रक कोलमडेल." खोटं. प्रांजल, ते वाचून मी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं की हे बरोबर आहे. मला दोन वर्षं सुचलं नव्हतं ते तुला सुचलं, तेही चाळीस ओळींत. निदान दोनशे ओळी तरी लिहायच्यास.

मोनिका परवा म्हणाली, "त्यांचं ते घ्या की मग तुमच्यात. घ्यायला मुभा आहे ना?" आहे, पूर्ण मुभा आहे. फक्त घेतलं की खाली तुझं नाव लिहावं लागतं.

तर फेब्रुवारीचं. गोकुळ आपल्या वडगावला आला, तुमचा कोड पेटीत घालायला गेला आणि पेटी अडकून बसली. दोन दिवस लाईट असेल तेव्हा मोटार हातानं चालवावी लागली. ते असो, तुला माहीतच आहे.

मग दोन मार्चला देवळात बैठक झाली. कुठली बारी ठेवायची ते ठरवायला. तुला बोलावलं नव्हतं, मला बोलावलं होतं. लोक चिडलेले होते. आप्पा सगळ्यांसमोर मला म्हणाले, "जयसिंग, आमाला त्यातलं कळत न्हाई. तुझं ठेवायचं का पोरीचं, तूच सांग. तू म्हनशील ते." चौदा घरांची माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, माझं ठेवा. मी एकटा माणूस आहे, काही बिघडलं तर फोन लावला की मी उचलतो, तिकडं दहा जण, तुम्ही कुणाकुणाला फोन लावणार? ऐकायला किती पटतं बघ. सगळ्यांना पटलं. मी ड्युटीवर फोन कधी उचलतो, ते कुणी विचारलं नाही. जाताना आप्पा म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पर घाई लई करती. गावात खाली मान घालायला लावली." मी चप्पल घालत होतो. घालतच राहिलो.

होळीला मी वडगावला गेलो ते जिंकल्यासारखा गेलो, हे खरं सांगतो. तू आली नव्हतीस. काकूंनी पोळ्या केल्या होत्या, आप्पांनी दोन खाल्ल्या आणि ताट सरकवलं. तुझं नाव कुणी काढलं नाही. जेवण झाल्यावर मी नदीकडं चक्कर मारली. पाइपलाइनच्या शेवटाला कस्तुरामावशी भेटल्या. त्यांची शेवंती तू बघायला हवी होतीस. पुढचे चार वाफे हिरवे, आणि मागचे सगळे असे वाळलेले की हात लावला की चुरा. मी विचारलं, मेसेज येतो का बारीचा?

"मेसेज लई टायमात येतो बघ, बाबा," त्या म्हणाल्या. "पानीच न्हाई येत."

त्यांच्या ओळीनं तीन बाऱ्यांत लाईट गेली होती. तिन्ही वेळा माझ्या पेटीनं एकच्या ठोक्याला बारी पुढच्याला देऊन टाकली. मला वाटलं, आता बोलतील, चांगलं झाडतील. मी तयार होतो. तर त्याच मला समजवायला लागल्या, "तुझ्यावर न्हाई म्हनत मी. आमच्याच बारीला लाईट जाती, त्याला तू काय करनार? आमचं नशीबच तसलं." आणि पदरात चार फुलं होती ती मोनिकासाठी दिली. घेतली मी. नको म्हणता आलं नाही.

घरी आलो आणि तुमच्या पानावर गेलो. खरं सांगू का कशाला? तू माझं नाव काढून टाकलंयस का ते बघायला. मागं मी तुझं काढलं होतं. आमच्या आभाराच्या यादीत तू दुसरी होतीस, तू निघालीस त्याच आठवड्यात मी ती ओळ पुसली. तेव्हा मला मनापासून वाटत होतं की तूही माझं पुसलेलं असावंस. म्हणजे फिट्टंफाट, म्हणजे मला रागवायला काहीतरी मिळालं असतं. तर तुमच्या यादीत सगळ्यात वर मीच. "मूळ रचना आणि आम्हाला शिकवणारे: जयसिंगदादा." एकतीस गावांत, प्रत्येक पेटीत. तुझा इतका राग मला कधी आला नव्हता.

आता ते असो म्हणून सोडलेलं लिहितो. मघापासून त्याच्याभोवती फिरतोय.

फेब्रुवारीत पेटी तुमच्या कोडनं अडकली नाही. ती मी अडकवली. नोव्हेंबरात मी सहाही गावांच्या पेट्यांना एक बदल पाठवला होता, की माझ्या डिजिटल सहीचा कोड असेल तरच घ्यायचा, दुसरा कुणाचा आला की बंद पडायचं. वर लिहिलं, "सुरक्षेसाठी." तेव्हा मी स्वतःलाही तेच सांगत होतो. पण फेब्रुवारीत आप्पांनी मला फोन करून सांगितलं होतं की गुरुवारी गोकुळ येणार आहे. मला दोन दिवस होते. एक ओळ काढायची होती, बस. मी काढली नाही. गुरुवारी ड्युटीवर बसून फोनकडं बघत राहिलो, आणि पेटी बंद पडल्याचा मेसेज आला तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला मला आठ दिवस लागले, प्रांजल. बरं वाटलं. तुझ्या बापासमोर, सगळ्या गावासमोर तुझं काम कच्चं ठरलं, आणि मला दुपारचं जेवण गोड लागलं.

माफी मागत नाही. तू लगेच देशील, आणि मग मी पुन्हा तुझ्याहून लहान ठरेन. सोबत दुसरा कागद आहे, त्यावर त्या सहीची किल्ली लिहिलीय. अक्षरं नीट बघून घाल, शून्य कुठलं ते मी गोल करून दाखवलंय. तिनं सहाही गावांच्या पेट्या उघडतील. पहिली वडगावची कर. उरलेल्या बारीतली पहिली बारी कस्तुरामावशींची लाव, तीन बाऱ्यांचे त्यांचे साडेचार तास उरलेत.

माझ्या पानावर मी आज दुपारीच लिहून टाकलं की इथलं काम थांबलं, यापुढं सगळ्यांनी "आपली बारी" घ्यावी. आभाराच्या यादीत तुझी ओळ परत घातली. हे सगळं करून झाल्यावर मी पहिलं काय केलं असेल? तुमच्या चांदण्या वाढल्या का ते बघितलं. तीन वाढल्या होत्या. पोटात दुखलंच. तेव्हा एकदम सुधारलो असं समजू नकोस. कधी एखादी दुरुस्ती पाठवली तर गोकुळला तपासायला दे, चुकली असेल तर चुकली म्हणून लिहायला सांग. सर नको म्हणावं.

एकच राहिलं. चौदा घरांसमोर जे बोललो ते एकट्या तुझ्या कानात खोडून उपयोग नाही. तुझ्यापुढं कबूल करणं सोपं आहे, आप्पांपुढं माझी जीभ उचलत नाही, म्हणून युक्ती काढलीय. उद्या सकाळी वडगावला जाऊन हे पत्र त्यांच्या हातात देणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तुम्ही वाचा, मग देवळात सगळ्यांना वाचून दाखवा, असं सांगणार, आणि तिथंच बाकड्यावर बसून राहणार. म्हणजे तुला हे मिळेल तेव्हा गावाला सगळं माहीत झालेलं असेल, आणि तू वाचणारी शेवटची.

तुझा,
शिकवलेलं विसरलेला दादा,
जयसिंग

आप्पा, पत्र पोस्टात टाकू नका, आणि गोकुळकडंही देऊ नका. शिरूरला तुम्ही स्वतः जा आणि पोरीच्या हातात द्या.