मागची काळी टोपणं

७ डिसेंबर, रविवार

चालू झाला! दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं आणि आतले पंखे फिरले. आशानं हळदकुंकू लावलं, डब्यावर पेढा ठेवला. पेढा मी लगेच उचलून खाल्ला. आत मुंग्या गेल्या तर कोण निस्तरणार?

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला. सुटे भाग कुलदीपच्या दुकानातून आणले. तो म्हणत होता, काका, जोडून देतो. म्हटलं, राहू दे. एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत फिटर होतो, बसचं इंजिन उतरवून परत चढवलंय. या डब्याची काय मिजास! मागे स्क्रीनची वायर लावायला दोन जागा निघाल्या. खालच्या तोंडांना काळी टोपणं, वरचं उघडं. उघड्यात लावली. डेपोची शिस्तच ती — नव्या डिझेल पंपाच्या ज्या तोंडाला टोपण, त्याला उगाच हात लावायचा नाही, धूळ जाते. घरचाही कायदा तोच. आमच्या आठ वर्षांच्या फ्रिजच्या दारावर अजून दुकानातलं प्लास्टिक आहे.

मग समीक्षाच्या कंपनीचा खेळ टाकला. घाटातून बस चालवायची. पोरगी पुण्यात अशा खेळांतल्या चुका शोधायचं काम करते. आशा म्हणाली होती, खेळ शेवटपर्यंत नेला की बनवणाऱ्यांची नावं येतात, त्यात तिचंही आहे. ते नाव पाहायचं म्हणून हा सगळा खटाटोप. आशाला मात्र सांगितलंय की रिकामपण खायला उठतं.

बस पहिल्या वळणापलीकडे गेली नाही. एक चित्र येतं, अडकतं, मग दुसरं. मी डावीकडे वळवतो, ती सावकाश विचार करून दरीत जाते.

८ डिसेंबर, सोमवार

तसंच. सतरा वेळा दरीत.

९ डिसेंबर, मंगळवार

कुलदीपला फोन. म्हणे, ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर नवीन टाका. डेपोतही दर बिघाडावर साहेबांचं हेच उत्तर असायचं — ड्रायव्हर बदला! टाकला. फरक शून्य. मग हळूच म्हणतो, भाग सगळे तपासून दिले होते काका, जोडणीतच काही राहिलं असेल. जोडणीत! माझ्या!

रागात फोन ठेवला. चहासुद्धा घेतला नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आशा भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीले विचारा नं. तिचं कामच हाय ते."

दीड वर्ष झालं, समीक्षा माझ्याशी बोलत नाही. रोज आईला फोन करते. मी उचलला तर म्हणते, आईले द्या. चूक माझी आहे. तलाठ्याच्या परीक्षेला बसायचं सोडून ती या कंपनीत गेली, तेव्हा चार पाहुण्यांसमोर मी म्हटलं होतं, खेळणीच खेळायची होती तर शिकवलं कशाला? ती ताट सारून उठली. माफी मागायची तर सुरुवात कुठून करायची, हे मला अजून कळलेलं नाही. इंजिनाबद्दल असतं तर बोललो असतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

केला फोन! आधी अंगणात दोन चकरा मारल्या. म्हटलं, तुझा खेळ अडकतो. ती म्हणाली, तुम्ही खेळता? म्हटलं, दरीत पडतो. फोटो मागितले, पुढून आणि मागून. पाठवले. थांबा, पाह्यतो, म्हणाली. मग म्हणाली, मेमरीच्या पट्ट्या काढून परत बसवा आणि उद्या सांगा.

उद्या सांगा, म्हणाली.

१३ डिसेंबर, शनिवार

पट्ट्या काढून बसवल्या. फरक नाही. तिला सांगितलं. आता म्हणे, आतला कचरा साफ करा. ते पटलं. आमची गल्ली जिनिंगच्या मागे, कापसाचा हंगाम, आणि खामगावात या दिवसांत रुई चहाच्या कपातही उतरते.

१४ डिसेंबर, रविवार

आतून साफ केलं. तसंच. आता लाईटचा दाब तपासायचा आहे. गुडघा कसा आहे, तेही तिनं विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

१६ डिसेंबर, मंगळवार

स्टॅबिलायझर लावून पाहिला. काही नाही. आजचा फोन पाऊण तास चालला, त्यात कॉम्प्युटरचं बोलणं पाच मिनिटं. मी तिला म्हटलं, तुमच्या बसचा आवाज खोटा आहे. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी गुणगुणत नाही, कण्हते. मला वाटलं, चिडेल. तर म्हणते, "थांबा बाबा, लिहून घेतो. हे आमच्यात कोणालेच नाही समजलं."

मग बोथा घाटात भर दुपारी बंद पडलेल्या बसची गोष्ट सांगितली. हसली! तिचं काम म्हणजे बिघाड शोधणं. माझंही तेच होतं. हे मला दीड वर्षापूर्वी दिसलं असतं तर किती बरं झालं असतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

काल मेव्हण्याकडे वडनेरला गेलो, फोन राहिला. आज सकाळी तिचाच आला. काल काऊन नाही केला, म्हणे. आशा ओट्याशी पाठमोरी उभी राहून हसत होती. दिसलं मला.

२१ डिसेंबर, रविवार

सापडलं.

मागची रुई रंगाच्या ब्रशनं झटकत होतो. एक टोपण निसटून खाली पडलं. आत बघतो तर वायरीचं तोंड, वरच्यासारखंच. पंपाचं टोपण पाईप जोडताना काढावंच लागतं, हे मला सांगायची वेळ यावी! खाली तो चित्रांसाठीचा महागडा भाग, ग्राफिक्स कार्ड, बसवलेला, आणि तो दोन आठवडे तोंडाला टोपण लावून नुसता बसून. वायर तिथे लावली. बस अशी सुटली की मीच ब्रेकवर पाय दाबला. टेबलाखाली ब्रेक नाही! वळणं, पूल, दगडाचे कठडे, सगळं कसं लख्ख. हे माझ्या पोरीनं इंचाइंचानं तपासलंय. डोळे भरून आले, लपवायचं काय.

एकतीस वर्षांच्या फिटरला टोपणानं फसवलं. तिनंही फोटो पाहिला होता, पण एवढीशी गोष्ट, तिला तरी कुठून दिसणार!

सांगायला फोन हातात घेतला. मग विचार आला, आज हे सांगितलं तर उद्या काय सांगू?

शेवटच्या नावांपर्यंत गेलोच नाही. वायर काढून वरच्या तोंडात लावली. टोपणही परत दाबून बसवलं.

२२ डिसेंबर, सोमवार

तिला सांगितलं, अजून अडकतंच. या वयात पोरीशी खोटं बोललो. ती म्हणाली, बरं, मग आता पंखे पाहू.

२४ डिसेंबर, बुधवार

पंखे पाहिले. चांगले आहेत, हे मला आधीच माहीत होतं. समीक्षाला सुट्टी आहे, शनिवारी येते. म्हणे, "मीच पाह्यतो आता." आशानं शेव तळायला घेतली. पोरगी कॉम्प्युटरमागे वाकली की सगळं कळणार. बाप खोटारडा निघाला म्हणून पुन्हा ताट सारून उठली तर?

२७ डिसेंबर, शनिवार

आली. पाणी पिऊन थेट कॉम्प्युटरच्या मागे वाकली. टोपण अर्धवटच बसलं होतं. बोटानं हलवून पाहिलं.

"हे कधी काढलं होतं बाबा?"

रविवारी, म्हटलं. मान वर झाली नाही माझी.

ती माझ्या शेजारी खाली फरशीवरच बसली.

"मले तर पहिल्याच फोटोत दिसलं होतं," म्हणाली.