जुन्या कुपनावरचं वाचन

मु. नाटे, ता. २ सप्टेंबर १९३१

घरच्या धन्यास राहीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आय खुशाल आहेत, गुडघा तेवढा धरतो. भात चांगलं उभं राहिलंय. गणपतीच्या पाटाला मी कालच रंग दिला.

तुमचं पत्र पोचलं. ‘वैशाखापासून मी घरी एक पै पाठवलेली नाही. आय मास्तरांकडून लिहवते, दहाचे बारा केलेस, देव तुझं भलं करो. मग तुला पैसे देतो कोण?’ एवढंच लिहिलंत. तीन दिवस पत्र चोळीत घेऊन फिरते आहे. आय नुसत्या जवळ आल्या तरी दचकते.

तुम्हाला वाटतं तसं काही नाही. देवाशप्पथ नाही. बाबांनी लग्नात घातलेल्या माझ्या पाटल्या मोडल्या. एक ज्येष्ठात, एक श्रावणात. माझा भाऊ महिपत राजापूरच्या सोनाराकडे गेला होता, चिठ्ठी त्याच्याजवळ आहे. आय विचारतात तेव्हा सांगते, लावणीच्या चिखलात नकोत म्हणून पेटीत ठेवल्यात.

गिरणीतून काढल्याचं तुम्ही कळवलं नाहीत. तुमच्या खोलीवरचा विठू गावी आला होता, त्यानं मला एकटीला सांगितलं. मीही गप्प बसले. का, ते लिहायला धीर होत नाही, पण आता लपवून काय करू? गेल्या साली आयचा राग पत्करून तुम्ही मनिऑर्डर माझ्या नावावर केलीत. त्याआधी खोबरेल तेलालासुद्धा आयपुढे हात पसरायचा, आणि तुम्ही रजेवर आलात की सगळा राग तुमच्यावर काढायचा. नावावर झाल्यापासून आपलं एकदाही भांडण नाही. पैसे थांबले असं कळलं असतं, तर आय म्हणाल्या असत्या, सुनेच्या हातात गेले आणि आटले.

म्हणून महिना भरला की पोस्टात जाऊन यायची आणि पडवीत बसून तुमच्या मनिऑर्डरीचं जुनंच कुपन आयना वाचून दाखवायची. तोच मजकूर दर महिन्याला कसा वाचू? मग तुमच्या नावानं मीच काहीबाही घालू लागले. ‘आयचा गुडघा शेकावा. राहीनं फार राबू नये.’ तुम्ही असं कधीच लिहिलं नाहीत. आय आत गेल्या की तेच मी पुन्हा स्वतःशी म्हणायची. एवढं सुख मला खऱ्या मनिऑर्डरीनं दिलं नव्हतं.

घात पुढे झाला. शेजारची काशी विहिरीवर म्हणाली, तिचा नवरा बारा पाठवतो. मला राहवलं नाही. त्या महिन्यात मी बारा वाचले. आय गावभर सांगत सुटल्या, “माज्या लेकान दोन रुपये वाडवलान!”

आता बारा तारखेच्या बोटीनं तुम्ही याल. बोटीवरून पडावात बसून किनाऱ्याला उतराल तेव्हा मुसाकाजीच्या बंदरावर आय असतील, काशी असेल, निम्मं गाव असेल. आय पहिली तीच गोष्ट काढतील. तुमचा राग मला ठाऊक आहे. घरी आल्यावर मारायचं तर मारा, पण तिथे ‘मी पाठवलेच नाहीत’ म्हणू नका. जे तुमच्या मनात आलं, ते गावाच्या मनात यायला किती वेळ लागेल?

मी मागे, माडांच्या आडोशाला उभी असेन. तुम्ही आयना काय उत्तर देता ते ऐकूनच पुढे येईन. नाहीतर तिथूनच महिपतकडे जाईन.

तुमची, अजून तरी,
राही