गवतावरचा ग्लोव्ह

१९ एप्रिल १९३१
बेसबॉलच्या सीझनची पहिलीच मॅच, पहिलाच पराभव. शाब्बास! थंडीने बोटं वाकत नव्हती. मॅनेजर मुल्डून सगळ्यांसमोर म्हणाला, "झुरेक, चेंडू पकडायला धावत होतास की त्याला घरापर्यंत सोडायला?" पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो, काय करणार! वय एकतीस, सांगतो सत्तावीस. गुडघे मात्र खरं ते सांगून टाकतात.

३ मे
नदीपलीकडची टीम आली होती. लेफ्ट फील्डला त्यांचा नवा गडी — आर्ने, नॉर्वेजियन शेतकऱ्याचा पोरगा, बावीस वर्षांचा. जागा एकच, माणसं दोन. त्यांची बॅटिंग असली की तिथे मी, आमची असली की तो. बॅटिंगला जाताना ग्लोव्ह काय, सगळेच आपापल्या जागेवर गवतात टाकून येतात. तिसऱ्या डावात मी ग्लोव्हमध्ये हात घातला तर आत बेडूक! अख्ख्या मैदानाने माझी किंकाळी ऐकली. आर्ने जाता जाता म्हणतो, "काय आजोबा, घाबरलात?"

आजोबा म्हणे! कार्टं.

२० मे
त्यांच्या गावी मॅच. त्याच्या ग्लोव्हमध्ये मी मेलेला मासा ठेवला. फिट्टंफाट.

९ जून
बहिणीचं, यादविगाचं पत्र. बाबांचा खोकला वाढलाय. "यंदा वरच्या टीमने घेतलं नाही तर पुरे झालं, बेन. घरी ये. तुझ्या भावजींनी खाणीत तुझं नाव घालून ठेवलंय."

खाण! बाबांना काळं थुंकताना बघत मी लहानाचा मोठा झालो. मेलो तरी खाली उतरणार नाही.

२८ जून
आज ग्लोव्हमध्ये बेडूक नव्हता — रुमालात बांधलेल्या चेरी! "आईने पाठवल्यात," आर्ने म्हणाला. "दात आहेत ना, आजोबा?" तिथेच उभ्या उभ्या सगळ्या खाल्ल्या. तेवढ्यात चेंडू आला असता तर गेलो असतो कामातून!

पोरगा मला आवडतो. हीच पंचाईत.

११ जुलै
मुल्डूनने बाजूला घेतलं. "शिकागोहून वरच्या टीमचा माणूस येतोय. लेफ्ट फील्डला एक हवाय त्यांना. एकच. तू नाहीतर तो पलीकडचा." मग खांद्यावर हात ठेवला. हा बाबा खांद्यावर हात ठेवतो तेव्हा समजायचं, आपलं काही खरं नाही.

आर्ने माझ्यापेक्षा चांगला आहे. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय?

१ ऑगस्ट
पलीकडचे दोन मॅचसाठी आलेत. आर्नेने आज तीन अशक्य झेल घेतले. मी नुसता बघत बसलो. जेवण गेलं नाही.

२ ऑगस्ट
शिकागोचा माणूस पहिल्या रांगेत शेंगदाणे खात बसला होता. चौथ्या डावात माझ्या हातून सोपा झेल सुटला. त्याच्यासमोर! डाव संपताच रागाने ग्लोव्ह भिरकावला आणि निघालो. एरवी मी तो कडेच्या रेषेपाशी टाकतो, आर्नेला जागा पाठ आहे. आज भलतीकडे पडला.

लगेच आमच्या बॅटिंगमध्ये उंच फटका गेला. आर्ने मागे मागे धावला, नजर वर. पाय नेमका माझ्या ग्लोव्हवर. हाड मोडल्याचा आवाज बाकापर्यंत आला.

सगळ्यांच्या आधी मीच पोचलो. त्याने माझी बाही घट्ट धरली. "तुमचा ग्लोव्ह इथे कसा, आजोबा?"

"रागात फेकला रे पोरा."

"असू दे," म्हणाला.

४ ऑगस्ट
घोटा दोन जागी मोडलाय. डॉक्टर म्हणाले — चालेल, पण पळणं विसरा. आमची पोरं माझीच समजूत घालतायत. मुल्डूनसुद्धा: "अपघात होता, झुरेक. दोन घास खाऊन घे."

१९ ऑगस्ट
दवाखान्यात जाऊन आलो. आर्ने झोपला होता, त्याची आई उशाशी. माझा हात धरून म्हणाली, "सगळ्यांच्या आधी तुम्ही धावलात म्हणे." चेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. झाकण उघडवत नाही.

६ सप्टेंबर
तार आली. शिकागोला बोलावलंय. मला! पोरांनी डोक्यावर बादली ओतली. यादविगाला कळवलं. खाण सुटली.

१४ सप्टेंबर, शिकागो
एवढी माणसं मी आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. पहिला डाव संपला, सगळ्यांनी ग्लोव्ह गवतात टाकले. माझ्याच्याने टाकवेना. हातात घेऊनच बाकावर आलो. एकजण ओरडला, "ए नवीन, इथे कोणी चोरत नाही रे!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ सप्टेंबर
२ ऑगस्टला इथे लिहिलंय की ग्लोव्ह भिरकावला. खोटं आहे. आर्ने मागे कुठून धावतो ते मी आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं. तिथवर चालत गेलो, वाकलो, आणि ठेवला.