आजाराच्या रकान्यात निरंक

प्रिय बाबा,

दरवेळी आधी नमस्कार लिहिते, आज नाही लिहीत. मी तुमच्यावर चिडली आहे. तुम्ही गेल्याला तीन महिने झाले आणि गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण तुम्ही होते तेव्हा तुमच्यावर चिडायची माझी हिंमत कधी झाली नाही, म्हणून आता चिडून घेते. तुमचं लिहिण्यातलं मराठी अकोल्याच्या कोर्टातलं, शुद्ध. मी हिवरखेडची, जशी बोलते तशीच लिहून राहिली. लाल पेनानं खुणा करायला तुम्ही नाही, तेवढं एक बरं.

कारण समोरच पडलं आहे, तुमच्याच टेबलावर. जुईच्या शाळेचं हमीपत्र. त्यात लिहिलं आहे की पाल्याचा आजार आम्ही प्रवेशाच्या वेळी लपवून ठेवला, आणि पुढे तिला काही झालं तर शाळा जबाबदार राहणार नाही. उद्या सोमवार. उद्या सही करून द्यायचं, नाही तर पोरीची टीसी घेऊन जायची. असा कागद आला की नितीन आणि मी बिनघोर तुमच्या पुढ्यात ठेवून चहा करायला जायचो. आज तो मी चार वेळा वाचला. चहा कोणी केला नाही.

तुम्हाला काहीच माहीत नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

जानेवारीत शाळेच्या मैदानावर सव्वीस तारखेच्या कवायतीची तालीम सुरू होती. थंडी, आणि त्या मैदानाची धूळ तुम्हाला माहीतच आहे. चौथीचा वर्ग मागच्या रांगेत होता. जुईला खोकला सुरू झाला. खेळाच्या सरांनी आधी बाजूला बसवलं, मग नाटक करते म्हणून पुन्हा रांगेत उभं केलं. वर्गाच्या मॅडमनी येऊन विचारलं, काय होतं? ती म्हणाली, सर्दी झाली आहे. मॅडमनी कोमट पाणी पाजलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, सर्दी. तिसऱ्यांदा तिला बोलताच आलं नाही.

तिचा श्वासाचा पंप ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होता. कपाटाची किल्ली क्लार्कच्या खिशात होती आणि क्लार्क तहसीलला गेला होता. शाळेनं फोन केला तो नितीनला, कारण फॉर्मवर बापाचा नंबर पहिला. नितीन अकोल्यात, ऑफिसमध्ये! त्यानं मला लावला. मी इथं राजापेठेत क्लासवर दहावीच्या पोरांना समीकरणं शिकवून राहिली होती. खडू हातातच घेऊन गाडीवर बसली. सिग्नल कुठला लाल होता, कुठला हिरवा, मला आजही सांगता येणार नाही.

मी पोचली तेव्हा जुई ऑफिसात बाकावर बसली होती. बरोबर त्या कपाटासमोर, बाबा. ओठ निळसर झालेले, खांदे वरखाली होऊन राहिले होते, आणि भोवती सातआठ मोठी माणसं उभी. कोणी वही घेऊन वारा घालत होतं. कोणी म्हणे देवाचं नाव घे. पंप तिच्यापासून चार हातांवर आणि मध्ये एक कुलूप! क्लार्क निघाला आहे, येईलच, असं मला सांगितलं. मी कपाटाची मूठ ओढली, लाथ घातली, काही होईना. शेवटी गेटवरचे देवरावभाऊ सळाख घेऊन आत आले आणि त्यांनी कुलूप तोडलं. कोणाला विचारलं नाही त्या माणसानं.

पंपानं गाडीवर बसवण्याइतका श्वास आला. मग दवाखाना, ऑक्सिजन, दोन रात्री. डॉक्टरांनी एकच विचारलं, पंप कुठे होता? मी म्हटलं, कपाटात. त्यांनी मान वर केली नाही, तसंच लिहून घेतलं.

आता म्हणाल, पंप कपाटात गेलाच कसा? तो मी दिला होता. तुम्ही गेल्यावर तुमच्यासारखं शाळेच्या गेटसमोर पंप घेऊन बसायला कोण होतं? औषध दप्तरात ठेवायचं नाही असा नियम त्यांनी जूनपासून केला होता, म्हणून मी पंप नेऊन मॅडमच्या हातात दिला. आणि काय म्हटलं ठाऊक आहे? "हिला कधीकधी धाप लागते." धाप! तुमच्या तालमीत तयार झालेली ना मी. दमा हा शब्द माझ्याही तोंडातून निघाला नाही. मॅडमनी पंप ऑफिसात जमा केला, क्लार्कनं नियमाप्रमाणे कुलपात टाकला. कधीकधी लागणाऱ्या धापेसाठी कोण किल्ली खिळ्यावर टांगून ठेवतो?

दवाखान्यातून आल्यावर शाळेनं बोलावलं. मला वाटलं, माफी मागतील. मुख्याध्यापिका बाईंनी फाईल उघडली आणि जुईचा प्रवेशाचा फॉर्म माझ्यासमोर सरकवला. तुमचं अक्षर. मोत्यासारखं, तिरकं, एक खाडाखोड नाही. "पाल्यास काही आजार असल्यास" या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, निरंक.

बाई म्हणाल्या, "मॅडम, आम्ही कागदावर चालतो. जे कागदावर नाही, ते आमच्यासाठी नाही."

बाबा, हे तर तुमचं वाक्य! आयुष्यभर प्रत्येक अशिलाला तुम्ही हेच ऐकवलं. त्या दिवशी ते तुमच्याच सुनेला ऐकवलं गेलं. वर म्हणाल्या की शाळेचं कपाट तोडलं तेही पत्रात लिहावं लागेल. लिहिलं आहे, तिसऱ्या मुद्द्यात.

तो फॉर्म भरला ती दुपार मला आठवते. मी म्हटलं होतं, बाबा, दमा लिहा. तुम्ही टोपण लावून पेन खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरीची जात आहे. एकदा कागदावर आलं का जलमभर मागं लागते. मी आहे ना इथं? मी पायतो." फॉर्मखाली सही माझी आहे. हेही मी विसरली नाही.

तुम्ही तसं काहून केलं, तेही मला माहीत आहे. तुमच्या बहिणीनं, कमलआत्यांनी सांगितलं होतं, अकोल्याला, त्यांच्या शेवटच्या आजारपणात. त्यांच्या तरुणपणी मुलाकडची मंडळी बघायला आली होती, ताई आत काय करते असं त्यातल्या कोणी विचारलं, आणि दहा वर्षांचे तुम्ही सांगून बसले की ताईला दम्याचा त्रास सुरू आहे, ती वाफारा घेते. ते स्थळ परत गेलं. पुढची दोनही. आत्या जन्मभर माहेरीच राहिल्या. त्या मला हसून सांगत होत्या, भावाला त्यांनी कधी बोल लावला नाही. तुम्ही मात्र स्वतःला लावला, आणि त्याची भरपाई माझ्या पोरीच्या फॉर्मवर केली. बहिणीचं दुःख होतं, कबूल. पण श्वास जुईचा होता ना, बाबा?

तुम्ही बोलले ते निभावलंही. तीन वर्षं, शाळा सुरू असेल तो प्रत्येक दिवस, गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी, सिमेंटच्या बाकावर. कोटाच्या आतल्या खिशात पंप, वरच्या खिशात चष्मा. लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे. जुईला त्रास झाला की ती म्हणायची, आबांकडे जायचं आहे. देवरावभाऊ तुम्हाला आत घ्यायचे आणि तुम्ही तिला जिन्याखाली नेऊन पंप द्यायचे. मॅडमना माहीत होतं, शिपायांना माहीत होतं. मुख्याध्यापिका बाईंनी तर संस्थेचा एक अर्ज तुमच्याकडून तपासून घेतला होता, त्याच बाकावर येऊन! सगळ्यांना सगळं माहीत, आणि कागदावर निरंक. त्यांचीही सोय झाली होती. म्हातारा बाहेर बसला आहे, आपल्याला काय करायचं?

एक गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. ती जुईनं दवाखान्यात सांगितली. मी तिला विचारलं, बेटा, मॅडम तीन वेळा विचारत होत्या, तू सांगितलं काहून नाही? तोंडावरचा मास्क बाजूला करून ती म्हणाली, "आबानं शप्पथ घातली होती. कोणी इचारलं का सर्दी म्हणायचं."

बाबा, तुम्ही नऊ वर्षांच्या पोरीला शपथ घातली! आणि तिनं ती पाळली. बोलणं बंद होईपर्यंत पाळली. शाळेवर मी ओरडीन, भांडीन, वर तक्रार करीन. पण याची तक्रार मी कोणाकडे करू? म्हणून हे पत्र. दुसरं कोणी नाही.

अजूनही ती लपवते. परवा अंगण झाडताना धूळ उडाली, तर न्हाणीत जाऊन नळ सोडून खोकत होती. मी दार ठोठावलं तर आतून म्हणते, काही नाही, आई. पंप हातात दिला की आधी खिडकी लावते. हे तिला मी शिकवलं नाही.

पण तुमच्या हातची एक सवय कामी आली, ती पण सांगते. शाळेतून निघताना मला गेटवरचं रजिस्टर दिसलं. आत जाणाऱ्यानं नाव, वेळ, काम लिहायचं. देवरावभाऊ म्हणायचे, वकीलसाहेब, तुमी कायले लिहिता, तुमी तर रोजचे! तुम्ही ऐकायचे नाही. दरवेळी पूर्ण नाव, पूर्ण काम. मी भाऊंना म्हटलं, मले जुनं पुस्तक दाखवता का? त्यांनी इकडे तिकडे बघितलं, पेटीतून काढून दिलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. पानामागून पान तुमचं अक्षर, बाबा. "नातीस औषध देणे." "नातीस औषध देणे." शेजारच्या रकान्यात देवरावभाऊंची सही, आणि आठवड्याच्या शेवटी ऑफिसचा शिक्का. शाळेचंच पुस्तक, शाळेचाच शिक्का. मी मोबाईलवर फोटो काढत गेली.

शेवटची नोंद तुम्ही जायच्या चार दिवस आधीची आहे. त्यात औषध नाही लिहिलं. लिहिलं आहे, "नातीस दम्याचा पंप देणे." दमा. तुमच्या हातानं, तेच तिरकं अक्षर.

त्या दिवशी काय झालं होतं? छातीत दुखलं होतं का? आपण उद्या नसलो तर, असं मनात आलं होतं का? आणि आलं होतं तर गेटवरच्या वहीला सांगितलं आणि घरी मला नाही सांगितलं? चार दिवस होते, बाबा. चार संध्याकाळी आपण ताटाला ताट लावून जेवलो. तुम्ही मला म्हटलं असतं, मास्तरीणबाई, फॉर्म दुरुस्त करून घ्या, तर तो पंप मी कपाटात जाऊ दिला असता का? त्या वहीशेजारी मी रस्त्यातच उभी राहून रडली. राग आला म्हणून रडली की तुम्ही आठवले म्हणून, ते मलाही ठरवता येईना.

शुक्रवारपासून देवरावभाऊ गेटवर नाहीत. नवा माणूस म्हणतो, रजेवर आहेत. मला ते खरं वाटत नाही. कुलूप त्यांनी तोडलं, वही त्यांनी दाखवली, त्यांच्याकडून काय लिहून घेतलं असेल कोणास ठाऊक. उद्या शाळेतून निघाली की त्यांच्या घरी जाणार आहे.

हमीपत्रावर मी सही करणार नाही. तुमच्या टेबलावर बसून माझा कागद मी लिहिला आहे. पहिलं वाक्य असं, की आम्ही आजार लपवला, ही आमची चूक, सही माझी. दुसरं असं, की शाळेला तीन वर्षं माहीत होतं, सोबत रजिस्टरचे फोटो. तिसरं, पंप जुईच्या दप्तरात राहील आणि तो कसा द्यायचा हे प्रत्येक मॅडमला शिकवलं जाईल. नितीन म्हणतो, टीसी देतील. देतीलही. वर्षाच्या शेवटी पोरीला कोणती शाळा घेईल मला माहीत नाही. तिच्या मैत्रिणी इथं आहेत.

आज दुपारी मी तिला त्या शेवटच्या नोंदीचा फोटो दाखवला. म्हटलं, बघ, आबांनी स्वतःच शपथ मोडली. तिनं अक्षरावर बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "मंग मले काहून नाई सांगतलं?"

मी काय सांगू, बाबा? तुमच्यातर्फे आजवर मी कधी बोलली नाही. आज बोलली. म्हटलं, आबा सांगणारच होते, राहून गेलं. खरं आहे ना हे? खोटं असलं तरी आता तसंच राहू द्या.

मग तिनं एकदा म्हणून पाहिलं, तुमच्या खुर्चीकडे बघून, "मले दमा आहे." खिडकी उघडी होती, ती तिनं लावली नाही.

तुम्हाला शब्द देते. या शाळेत असो की दुसऱ्या, यापुढे तिच्या कोणत्याही फॉर्मवर निरंक येणार नाही. लग्नाच्या वयात कोणी बघायला आलं तर दारातच सांगीन, आणि परत जाणाऱ्याला थांबवणार नाही. उद्या जुई माझ्यासोबत ऑफिसात येणार आहे, पंप हातात घेऊन, सगळ्यांना दिसेल असा. बाईंसमोर ती स्वतः सांगणार. नाही सांगता आलं, तर त्या कपाटासमोर उभी राहून मी सांगीन.

तुमचीच,
मास्तरीणबाई

ता. क. नमस्कार राहिला होता, तो आता करते.